म्यूल सापडला, मालक कुठाय?

मराठी वर्तमानपत्रांच्या गुन्हेवृत्तात सध्या एका इंग्रजी जनावराचा मुक्काम आहे. म्यूल. सायबर पोलिसांनी म्यूल खाती गोठवली, म्यूल खातेदाराला बेड्या, म्यूल खात्यांचं जाळं उद्ध्वस्त. बातमीदाराला हा शब्द पोलिसांच्या प्रेसनोटमधून मिळतो, पोलिसांना बँकांकडून, बँकांना परदेशी अहवालांतून. इतक्या पायऱ्या उतरून आलेला शब्द नेमका शेवटच्या पायरीवर अडतो. नुकताच बारावी झालेला, नोकरी शोधणारा, हातात पहिलंच एटीएम कार्ड आलेला तालुक्याचा मुलगा ती बातमी पाहतो आणि बोटाने पुढे सरकवतो. उद्या खातं मागायला त्याच्याकडेच येणार आहेत. पण बातमी आपल्याबद्दल आहे, हे त्याला कुणी कळूच दिलेलं नाही.

म्यूल म्हणजे खेचर. नर गाढव आणि घोडी यांचं पिल्लू. घोडा आणि गाढवीण अशी उलट जोडी असेल तर त्या पिल्लाला इंग्रजीत हिनी म्हणतात. आपण दोघांनाही खेचरच म्हणतो. घोड्याची गुणसूत्रं ६४, गाढवाची ६२, खेचराची ६३. हा विषम हिशेब पुढे जुळत नाही, म्हणून खेचर जवळजवळ नेहमीच वांझ. बापाची काटकता, आईची ताकद, अरुंद पायवाटेवर न घसरणारा खूर, आणि चाराही बेताचा. याहून सोयीचा हमाल माणसाला मिळाला नसता.

आणि या हमालाबद्दल इंग्रजीत सर्वांत रूढ म्हण कोणती? हट्टी माणूस म्हणजे खेचर. खेचरांबरोबर काम केलेली माणसं वेगळं सांगतात. ओझं फार झालं, वाट धोक्याची वाटली की खेचर थांबतं. घोड्यासारखं ऊर फुटेपर्यंत पळत नाही. स्वतःचा जीव ओळखून थांबणाऱ्या जनावराला हट्टी कोण म्हणेल? ज्याला माल वेळेवर पोचवायचाय तो. म्यूल या शब्दाचा इंग्रजीतला बहुतेक इतिहास म्हणजे पाठीवर ओझं लादणाऱ्यांची भाषा आहे, आणि आपण ती आता जशीच्या तशी मराठीत आणतो आहोत. माझी तक्रार आहे ती एवढ्याचसाठी.

आपल्याकडेही खेचर ही शिवीच. संत नामदेवांचे गुरू विसोबा खेचर यांच्या नावामागे एक कथा सांगतात. ज्ञानदेवादी भावंडांना छळणाऱ्या विसोबांना ज्ञानदेवांनी खेचर म्हणून दूर सारलं आणि पुढे शरण आलेल्या विसोबांनी तेच नाव जन्मभर मिरवलं. काही अभ्यासक हे नाव योगातल्या खेचरी मुद्रेशी जोडतात, ते वेगळं. पण शिवीचं नाव करायला विसोबांएवढं बळ लागतं. पोलिसांच्या यादीत म्यूल म्हणून छापून आलेल्या एकोणीस-वीस वर्षांच्या पोराकडे ते कुठून येणार?

इंग्रजीतला म्यूल तबेल्यातून बाहेर पडला तो लँकेशरच्या कापड उद्योगात. १७७९ साली बोल्टनच्या सॅम्युएल क्रॉम्प्टनने सूत कातण्याचं नवं यंत्र उभं केलं. हारग्रीव्ह्जच्या जेनी या कताईयंत्रातलं एक तत्त्व आणि आर्कराइटच्या वॉटर फ्रेममधलं दुसरं, अशा दोन जातींचा तो संकर होता, म्हणून त्याला म्यूल म्हणू लागले. या यंत्राने बारीक, सरळ, मजबूत सूत दिलं आणि इंग्लंडच्या मलमलीला बाजार मिळवून दिला. क्रॉम्प्टनने त्याचं पेटंट घेतलं नाही. गिरणीवाल्यांनी वर्गणी देण्याच्या बोलीवर यंत्राचं गुपित काढून घेतलं आणि त्याच्या हाती शंभर पौंडसुद्धा पडले नाहीत. १८१२ साली पार्लमेंटने पाच हजार पौंड मंजूर केले, तेव्हा त्याच्या यंत्राच्या लाखो चात्या इंग्लंडभर फिरत होत्या. १८२७ साली तो गरिबीतच मेला.

त्याच्या यंत्रापाशी उभ्या राहिलेल्यांचं काय झालं, ते आणखी कडू आहे. म्यूलचा गाडा पुढे-मागे धावायचा. तुटलेले धागे जोडायला पोरं त्याच्या मागे अनवाणी पळायची, आणि गाडा चालू असताना खाली पडलेला कापूस गोळा करायला त्याहून लहान पोरं त्याच्याखाली सरपटायची. फिरत्या चात्यांवरचं खनिज तेल उडून कामगाराच्या पँटवर, मांड्यांवर बसायचं. वर्षानुवर्षं तेल मुरायचं आणि अंडकोशाच्या त्वचेला कर्करोग व्हायचा. १९२२ साली मँचेस्टरच्या साउदॅम आणि विल्सन या डॉक्टरांनी ही संगती छापून दाखवली. वैद्यकात त्या रोगाला 'म्यूल स्पिनर्स कॅन्सर' हे नाव पडलं. तेलावर बंधन घालणारे ब्रिटिश सरकारचे खास नियम आले १९५३ साली. मधली तीस वर्षं गिरणी चालू होती.

इथे नागपूरची आठवण येते. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १८७७ साली तिथे सुरू झाली. लँकेशरचे जाणकार म्यूलला चिकटून बसले असताना १८८०च्या दशकात एम्प्रेस मिलने नव्या पद्धतीचे रिंग स्पिंडल बसवले आणि सुताचं उत्पादन कुठल्या कुठे नेलं. लँकेशरने म्यूलचा हात सोडायला फार उशीर केला. खेचराला हट्टी म्हणणाऱ्यांच्या देशात हे घडलं, याची नोंद करून पुढे जाऊ.

टाच उघडी असलेल्या चपलेलाही इंग्रजीत म्यूल म्हणतात. तिचा या जनावराशी संबंध नाही. तो शब्द रोमन लोकांच्या लाल जोड्यावरून आला. व्होडका आणि जिंजर बिअरच्या 'मॉस्को म्यूल'मध्येही विचार करण्यासारखं काही नाही. पनामा कालव्यात मात्र आहे. १९१४ साली कालवा सुरू झाला तेव्हापासून जहाजांना जलपाशांमधून सरळ धरून नेण्यासाठी दोन्ही काठांवर विजेची इंजिनं धावतात. त्यांनाही म्यूल म्हणतात. हजारो टनांचं जहाज जागच्या जागी धरायचं, भिंतीला घासू द्यायचं नाही. प्रवाशांच्या फोटोत येतं ते जहाज.

आता अमेरिकेत येऊ, कारण तिथे हा शब्द माणसांच्या अंगावर आला. गोऱ्या आणि काळ्या आईबापांच्या मुलाला अमेरिकेत 'म्युलाटो' म्हणत. बहुतेक कोशकार या शब्दाचं मूळ स्पॅनिश-पोर्तुगीज भाषांतल्या खेचराच्या नावात दाखवतात. माणसाच्या लेकराला जनावराच्या संकराचं नाव देऊन ते लोक थांबले नाहीत, सरकारी खानेसुमारीच्या तक्त्यातही तो रकाना घातला. आणि हाच म्यूल मुक्त झालेल्या गुलामांच्या तोंडी न्यायाचं नाव होऊन आला. यादवी युद्धात १६ जानेवारी १८६५ रोजी उत्तरेच्या फौजेच्या जनरल शर्मनने हुकूम काढला: दक्षिण कॅरोलिना, जॉर्जिया आणि फ्लोरिडाच्या किनारपट्टीवरची जमीन मुक्त कुटुंबांना प्रत्येकी चाळीस एकरांपर्यंत मिळेल. हुकमात खेचराचा उल्लेख नव्हता. लष्कराची खेचरं नंतर काहींना नांगराला मिळाली. त्यावरून 'चाळीस एकर आणि एक खेचर' हे शब्द लोकांत रुजले. लिंकनचा खून झाल्यावर अध्यक्ष अँड्र्यू जॉन्सनने त्याच वर्षी ती जमीन जुन्या मळेवाल्यांना परत द्यायला लावली. वचन मोडलं, शब्द उरले. स्पाइक ली या दिग्दर्शकाने आपल्या चित्रपट कंपनीला तेच नाव दिलं. झोरा नील हर्स्टन यांच्या १९३७ सालच्या कादंबरीतली आजी नातीला काळ्या बाईच्या जिण्याबद्दल समजावताना याच जनावराचं नाव घेते. ओझं वाहिलेल्यांनी हा शब्द वापरला तेव्हा त्याला वेगळी धार आली, कारण ओझं कुणी लादलं ते ऐकणाऱ्याला ठाऊक होतं.

युद्धातला एक प्रसंग सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सेनानी ऑर्ड विंगेटच्या चिंडिट तुकड्या ब्रह्मदेशच्या जंगलात जपानी फौजांच्या पिछाडीला घुसल्या. दारूगोळा, वायरलेस, सगळं खेचरांच्या पाठीवर. खेचर ओरडलं तर शत्रूला जागा कळेल म्हणून त्या खेचरांच्या स्वरतंतूंवर शस्त्रक्रिया करून त्यांचा आवाज काढून टाकला होता. लंडनला हाइड पार्कच्या कडेला युद्धात कामी आलेल्या जनावरांचं स्मारक २००४ साली उभं राहिलं. त्यात ओझ्याने वाकलेली दोन ब्राँझची खेचरं आहेत, आणि त्यांना दुसरा पर्यायच नव्हता असं भिंतीवर कोरलं आहे.

अमली पदार्थांच्या धंद्याला हा शब्द का आवडला असेल, ते यावरून कळतं. आवाज नसलेला, दुसऱ्याचा माल वाहणारा, वाटेत मेला तर बदली मिळणारा. त्याला ते लोक म्यूल म्हणू लागले. हेरॉइनच्या गोळ्या गिळून विमानात बसलेली कोलंबियाची गरोदर मुलगी २००४ सालच्या 'मारिया फुल ऑफ ग्रेस' या चित्रपटात जगाने पाहिली. २०१८ साली क्लिंट ईस्टवुडने 'द म्यूल' काढला, तो नव्वदीला टेकलेल्या एका खऱ्या म्हाताऱ्याच्या उद्योगावर बेतलेला. पडदा सोडा. मुंबईच्या विमानतळावर कॅप्सूल गिळून आलेले प्रवासी पकडले जातात, त्यांना रुग्णालयात नेतात, पोटातला माल बाहेर येईपर्यंत पहारा बसतो, आणि दुसऱ्या दिवशी मालाची बाजारातली किंमत बातमीच्या मथळ्यात छापून येते. वाहणाऱ्याला त्यातलं किती मिळणार होतं, ते फारसं कुणी छापत नाही. एक कॅप्सूल पोटात फुटली तर तो जागीच संपू शकतो. आपल्या कायद्यात २५० ग्रॅम हेरॉइन ही व्यापारी मात्रा; ती सापडली की किमान दहा वर्षं. पोटातून आणणारा आणि गोदामात बसून पाठवणारा, दोघांनाही तीच पायरी. इंग्लंड-वेल्सच्या सेंटेन्सिंग कौन्सिलने २०१२ साली निदान एवढं केलं की वाहकाची भूमिका आणि म्होरक्याची भूमिका शिक्षा ठरवताना वेगळी मोजायची. मला ते योग्य वाटतं. गुन्हा गुन्हाच राहतो, पण दोघांचा नफा वेगळा असेल तर तुरुंगही वेगळा असावा.

आता आपलं म्यूल खातं.

कसं चालतं ते सरळ सांगतो, कारण ते सरळ सांगितलं जात नाही. कॉलेजच्या कट्ट्यावर, टेलिग्रामच्या ग्रुपवर, कधी ओळखीच्याच माणसाकडून विचारणा होते: तुझं खातं काही दिवस वापरायला दे, महिन्याला ठरावीक रक्कम किंवा उलाढालीवर कमिशन. कारण म्हणून ऑनलाइन गेम, क्रिप्टो, कर वाचवायचाय, परदेशी कंपनीचं काम, काहीही सांगतात. मग 'किट' मागतात. पासबुक, चेकबुक, एटीएम कार्ड, नेट बँकिंगचा पासवर्ड आणि त्या खात्याला जोडलेलं सिम कार्ड. कधी सिम न घेता मोबाइलमध्ये एक अॅप टाकायला लावतात, म्हणजे ओटीपी परस्पर पुढे जातो. चालू खातं असेल तर भाव जास्त, कारण त्यातून मोठ्या रकमा फिरवता येतात. त्यासाठी पोराच्या नावावर दुकान नसताना दुकानाची कागदपत्रंसुद्धा करून देतात. नंतर कुठल्या तरी शहरात निवृत्त शिक्षकाला 'डिजिटल अरेस्ट'च्या धाकाने लुटतात, आणि ते पैसे आधी या पोराच्या खात्यात येतात. काही मिनिटांत ते वीस-तीस खात्यांत फुटतात, एटीएममधून निघतात किंवा क्रिप्टोत जातात. मागे राहतं ते पोराचं नाव, त्याचं आधार, त्याच्या आईबापाचा पत्ता.

पोलीस त्याच्या दारात येतात, कारण सापडण्यासारखा पत्ता तेवढाच असतो. मी त्याला निर्दोष ठरवत नाही. त्याच्या खात्यातून गेलेले पैसे कुणाच्या तरी आयुष्यभराच्या पीएफचे होते, आणि फुकट पैसे कुणी देत नाही हे कळण्याएवढं त्याचं वय झालेलं असतं. अमेरिकेची एफबीआयसुद्धा मनी म्यूलचे तीन वर्ग करते: ज्याला कळलंच नाही तो, ज्याला संशय आला पण त्याने डोळे मिटले तो, आणि जो पहिल्यापासून सामील आहे तो. आपल्या बातमीत या तिघांचा एकच फोटो असतो, तोंडावर रुमाल बांधलेला. मग टोळी जेरबंद, असा मथळा. ज्याने किट गोळा केलं, ज्याने एका जिल्ह्यातून शंभर किटं दुसऱ्या देशात विकली, ज्याच्या वॉलेटमध्ये शेवटी पैसे बसले, तो त्या फोटोत नाही. खेचर पकडून आणलं म्हणजे मालाचा मालक सापडला, असं एखाद्या जकात नाक्यावरच्या शिपायानेही कधी म्हटलं नसतं.

आणि बँक? डिसेंबर २०२४ मध्ये रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांनी 'म्यूलहंटर' या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनाची माहिती दिली. साधन चांगलं आहे, ते सगळ्या बँकांनी वापरावं. नाव मात्र बघा: खेचराची शिकार. त्या खेचराच्या मागे उभ्या असलेल्यांसाठी असं साधन कुठे आहे? जून २०२५ मध्ये सीबीआयने पाच राज्यांत छापे घातले, तेव्हा सातशेहून जास्त शाखांमधल्या सुमारे साडेआठ लाख म्यूल खात्यांची गोष्ट बाहेर आली. भागाकार करा. एका शाखेत सरासरी बाराशे. पेन्शनच्या खात्यासाठी म्हातारीला तीनदा अंगठ्याला पाठवणाऱ्या, जन्मतारखेतल्या एका आकड्यासाठी अर्ज परत करणाऱ्या व्यवस्थेत बाराशे खाती नजर चुकवून उघडली गेली? केवायसी कुणी तपासली, एकाच पत्त्यावर किती खाती निघाली, ज्या खात्यात वर्षभर हजार रुपये नव्हते त्यात एका दुपारी चाळीस लाख आले तेव्हा स्क्रीनपुढे कोण बसलं होतं? सीबीआयने त्या प्रकरणात बँकेच्या माणसांचीही नावं घेतली, दलालांचीही घेतली. राज्यांच्या सायबर पोलिसांनी हे प्रत्येक गुन्ह्यात करावं आणि प्रेसनोटमध्ये शाखेचं नाव खातेदाराच्या नावाइतक्याच ठळक अक्षरांत द्यावं.

वर्तमानपत्रांकडे माझं एक मागणं आहे. म्यूल हा शब्द छापणं थांबवा. 'भाड्याने दिलेलं खातं' असं लिहा. सहावी शिकलेल्या आईला ते कळतं. खातं भाड्याने देणं हा गुन्हा आहे, हे वाक्य तिने मुलाला जेवायला वाढताना सांगितलं तर शंभर जनजागृती सप्ताहांचं काम होईल. म्यूल म्हटलं की ती गोष्ट सायबर, परदेशी, दुसऱ्या कुणाची तरी होते. भाड्याचं खातं म्हटलं की विचारावंसं वाटतं, भाडं देणारा कोण. पोलिसांनी उत्तर द्यायचा तो खरा प्रश्न आहे. महाविद्यालयांनी प्रवेशाच्या वेळी शिष्यवृत्तीसाठी खातं उघडायला सांगतात त्याच कागदावर ही ओळ छापावी. खर्च शून्य.

कुणी आधीच किट देऊन बसला असेल तर त्याच्यासाठी. आज शाखेत जा आणि खातं बंद करण्याचा लेखी अर्ज द्या, त्याच्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या. सिम बंद करा. १९३० वर फोन करा, सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय पोर्टलवर तक्रार नोंदवा, तिचा क्रमांक जपून ठेवा. ज्याने खातं मागितलं त्याचे चॅट, फोन नंबर, त्याने पाठवलेले पैसे, यांतलं काहीही पुसू नका. तुमच्या बाजूचा पुरावा तोच आहे, आणि मालकापर्यंत जाणारी वाटही त्यातच आहे. घरी सांगा, वकिलाला सोबत घ्या, आणि जबाब देताना पहिलं नाव खातं मागणाऱ्याचं घ्या.